बिनफोडणीचा डबा: उलट्यांच्या दिवसांत नऊ आठवडे लावला होता, पूर्ण अनुभव (सुभाषनगर, नागपूर)

ज्या मुलींना आत्ता गरोदरपणाचा सहावा-सातवा आठवडा लागलाय आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं तरी उमासे येतात त्यांच्यासाठी हे लिहून राहिली आहे, कारण मी शोधत होती तेव्हा सगळीकडे आलं खा, लिंबू चाटा एवढंच सापडत होतं आणि तेवढ्यानं माझं काही भागत नव्हतं.

डबा सुभाषनगर-त्रिमूर्तीनगर भागातल्या एका काकूंचा आहे. नाव-नंबर टाकत नाही, त्या घरूनच करतात, हाताखाली एकच बाई आहे, पंचवीस-तीसच्या वर डबे घेतच नाहीत आणि मी विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की नंबर असा उघड्यावर नको टाकू. पण त्यांनी जे केलं ते तुमच्या भागातल्या कोणत्याही डबेवाल्या काकूंना नीट सांगितलं तर करून मिळू शकतं, त्यात अवघड काहीच नाही, म्हणून बारीकसारीक सगळं लिहिते.

आधी माझी हालत सांगते म्हणजे डबा कशासाठी लागला ते कळेल. आमच्या गल्लीच्या तोंडावर पोह्यांचा ठेला आहे, सकाळी साडेसहालाच तर्रीचा वास सुटतो आणि लग्न होऊन या घरी आल्यापासून मी त्या ठेल्याची पक्की गिऱ्हाईक, दरवेळी तर्री जास्त मागणारी. फेब्रुवारीत सहाव्या आठवड्यात एका सकाळी तोच वास खिडकीतून आला आणि मी बाथरूमपर्यंतसुद्धा पोहोचू शकली नाही. त्यानंतर एकेक वास गळत गेला. कांदा परतल्याचा, कुकरच्या वाफेचा, तव्यावरच्या पोळीचा, नवऱ्याच्या आंघोळीच्या साबणाचा. मार्चमध्ये तर शेजारी भिवापुरी मिरची वाळत पडलेली आणि कांडपवाल्याकडून तिखट दळून घरोघरी येऊन राहिलं होतं, त्या दिवसांत मी मागच्या खोलीची दारं-खिडक्या लावून बसायची. आणि मार्च संपता संपता कुलर निघाले. ओल्या वाळ्याच्या ताटीचा वास मला लहानपणापासून इतका आवडतो, त्या वासाबरोबर आजोळची सुट्टी आठवते, आणि यंदा त्याच वासानं प्यायलेलं पाणी बाहेर आलं. त्या दिवशी मी खरंच रडली. नाव मॉर्निंग सिकनेस असलं तरी सकाळशी त्याचा काही संबंध नव्हता, माझं सगळ्यात वाईट दुपारी चार ते रात्री अकरा असायचं.

नवव्या आठवड्यात दीड दिवस पाणीही टिकलं नाही. लघवी काळ्या चहासारखी गडद, तीही दिवसातून एकदा, आणि उठून उभं राहिलं की अंधारी. घरचे म्हणत होते पहिल्या खेपेला होतं असं, निघून जाईल. मी पण तेच धरून बसली होती. शेवटी नवऱ्यानं गाडी काढली. डॉक्टर मॅडमनी वजन केलं तर ५४ चं ५१ झालेलं. त्यांनी सांगितलं की आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या वर वजन उतरलं की ती नुसती मळमळ समजायची नाही, तिला हायपरएमेसिस म्हणतात आणि तिला दवाखानाच लागतो. लघवीत कीटोन निघाले, म्हणजे अन्न मिळत नाही म्हणून शरीर चरबी जाळून राहिल्याची खूण. रात्रभर सलाईन, त्यातही आधी बी१ म्हणजे थायमिन दिलं आणि मग ग्लुकोज, कारण बरेच दिवस पोटात काही टिकलं नसेल तर शरीरातलं बी१ तळाला गेलेलं असतं, अशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलेलंही संपतं आणि मेंदूला धोका होऊ शकतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे सांगते. पाणी टिकत नाही, लघवी आठ तासांत झाली नाही, उलटीत रक्त दिसलं, उभं राहवत नाही, यातलं एकही असेल तर डबा वगैरे बाजूला ठेवा आणि आधी दवाखान्यात जा.

आता डबा. काकूंचा साधा डबा आमच्याकडे आधीपासून यायचा, पोळ्या-भाजी-वरण-भात, दोघंही नोकरीवाले म्हणून. सलाईन संपवून घरी आली त्या दिवशी नवऱ्यानं डबा एकानं कमी करा सांगायला फोन लावला तर काकू म्हणाल्या तिच्याजवळ द्या फोन.

"काऊन गं, जेवणच जात नाही का वास सहन होत नाही?"

मी म्हटलं वास.

"कायचा? फोडणीचा का?"

मी म्हटलं फोडणीचा, कांद्याचा, पोळीचा, गरम काहीही असलं की त्याचाच.

"मंग वाफेचीच गोष्ट आहे ते. डबा उघडला का वाफ नाही आली पाहिजे, बस. तू डबा बंद नको करू, मी तुले अलग पाठवतो. रात्री नऊच्या आधी सांगत जाजो उद्या काय जाईल वाटते ते."

इतके दिवस सगळे मला विचारत होते काय खावंसं वाटतं, डोहाळे काय लागले, आणि मला काहीच खावंसं वाटत नसल्यामुळे त्या प्रश्नाचंच टेन्शन यायचं. काय खाववेल असं विचारणाऱ्या या पहिल्या. माझी अडचण वासाची आहे आणि वास वाफेबरोबर येतो हे त्यांनी दोन मिनिटांत धरलं. गरम अन्नाचा वास थंड अन्नापेक्षा जास्त येतो म्हणून अशा वेळी गार किंवा कोमट खायला डॉक्टरही सांगतात, पण घरात गार जेवण बाळंतपणाच्या आसपास कोण देतं, सासूबाईंना ते पटायला दोन आठवडे लागले.

पद्धत अशी ठरली. नवऱ्याचा डबा नेहमीसारखा एक वाजता. माझे दोन छोटे डबे, एक साडेदहाला आणि एक साडेतीनला, म्हणजे चारची ती वाईट वेळ सुरू व्हायच्या आत पोटात काहीतरी पडलेलं असावं. डब्यात मोजून चार-पाच घास. सुरुवातीला मला वाटलं एवढ्याचे काय पैसे, पण भरलेला डबा बघूनच माझ्या पोटात ढवळायचं, हे छोटे डबे मात्र संपायचे, आणि डबा संपवून परत पाठवण्यातसुद्धा त्या दिवसांत फार बरं वाटायचं.

आत काय असायचं तर भात सकाळी सातलाच करून पूर्ण निववलेला, त्यावर साधं वरण, म्हणजे तूर शिजवून मीठ आणि नावाला हळद, हिंग नाही, जिरं नाही, सांबार म्हणजे कोथिंबीर नाही. कधी दहीभात, तोही फोडणीशिवाय. उकडलेला आलू सेंधव लावून. ज्वारीची आंबील, एकदम पातळ आणि गार, वरून ताक. ही आंबील मला पहिल्या आठवड्यात सगळ्यात चांगली गेली, चमच्यानं नाही, घोट घोट घेत अर्धा तास लावून. एप्रिलमध्ये सातू सुरू केला. सातूचं पीठ आधीच भाजलेलं असल्यामुळे शिजवायचं काहीच नाही, गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं, गहू आणि चण्याची डाळ दोन्ही त्यात असल्यामुळे पोटाला आधार राहतो. नुसता मुरमुरा खाल्ला तर माझी मळमळ तासाभरात परत यायची, सातू किंवा फुटाणे असले की दोन-अडीच तास शांत जायचे. सगळ्यांना असंच होईल असं नाही पण थोडंसं प्रोटीन सोबत ठेवून बघा.

उन्हाळा लागल्यावर पन्हं. काकू कैरी उकडून गुळाचं करतात, वेलची घालू नका सांगितलं तर नाही घातली. मार्चपर्यंत मृग बहाराची संत्री बाजारात होती, तेव्हा डब्यात चार फोडी सोलून, बिया काढून यायच्या. सालं मी त्यांना मुद्दाम मागून घ्यायची. रुमालात ठेवायची आणि लिफ्टमध्ये किंवा दवाखान्याच्या वेटिंगमध्ये कुणाच्या अत्तराचा वास आला की नाकाशी धरायची. आपल्याकडे संत्र्याला काय तोटा, पण हा उपयोग मला त्यांनीच सांगितला.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे सकाळची पुडी. दुपारच्या डब्यासोबत कागदाची एक छोटी पुडी यायची, त्यात ज्वारीच्या लाह्या, थोडे फुटाणे, चिमूटभर सेंधव. ही उशाशी ठेवायची आणि सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी, पडल्या पडल्याच, हळूहळू चावून खायची, मग पंधरा-वीस मिनिटांनी पाय खाली टाकायचे. रिकाम्या पोटी एकदम उठलं की उलटी नक्की, आणि पुडी खाऊन उठली की पाचपैकी तीन-चार सकाळी तरी वाचायच्या. टोस्ट-बिस्किटानंही होतं पण बिस्किटाच्या गोडसर वासानं मला त्रास व्हायचा, लाह्यांना वासच नाही.

डब्यानं सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. सोबत गोळ्या चालू होत्या, डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन म्हणजे बी६, दोन्ही १०-१० मिलिग्रॅमची एक गोळी येते ती, रात्री झोपताना, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. झोप खूप येते त्यानं. नवऱ्याच्या आत्या ठाम होत्या की पहिल्या तीन महिन्यांत गोळीला हात लावायचा नाही, आणि त्यांच्या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही, कारण १९५० च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड नावाचं औषध परदेशात याच मळमळीवर सर्रास दिलं गेलं आणि हजारो बाळं हात-पाय अपुरे घेऊन जन्मली, १९६१ मध्ये ते बाजारातून काढलं. पण ही गोळी ती नव्हे. उलट हिचीच अमेरिकेतली जुनी आवृत्ती कोर्टकचेऱ्यांना कंटाळून कंपनीनं १९८३ मध्ये बंद केली होती, नंतर खूप बायकांवरच्या अभ्यासांत बाळाला व्यंग होण्याचा धोका वाढलेला दिसला नाही, आणि २०१३ मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यानं, हेच दोन घटक परत मंजूर केले. हे मी मॅडमना विचारून घेतलं आणि मग आत्यांजवळ बसून शांतपणे सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकलं. स्वतःच्या मनानं दुकानातून आणू नका एवढंच.

अजून एक गोष्ट मला फार लागली होती, ती म्हणजे "मनावर घेतेस म्हणून होतं". आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही शेतात जायचो, वगैरे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नेचर या विज्ञान मासिकात एक संशोधन आलं, त्यात असं दिसलं की जीडीएफ१५ नावाचं एक हार्मोन बाळाकडून आणि वारेकडून आईच्या रक्तात येतं, मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं, आणि ज्या बायकांच्या शरीराला गरोदरपणाआधी हे हार्मोन कमी माहीत असतं त्यांना त्याचा झटका जास्त बसतो. म्हणजे दोन जावांत एकीला काहीच होत नाही आणि दुसरीला सलाईन लागते यात हिंमत-बिंमत काही नसते. हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं. ज्या घरात कोणी असं बोलून राहिलं असेल त्या घरात हे मोठ्यानं वाचा.

बाकी जे जे करून पाहिलं ते पटकन सांगते. मनगटाचा पट्टा घेतला होता, आतल्या बाजूला मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं सोडून दाबतो तो, तीनशेच्या आसपास मिळाला. एप्रिलमध्ये ऑफिसला परत जायला लागली तेव्हा मेट्रोत बरा वाटायचा, घरी काही फरक नाही. मेट्रो मात्र खरंच चांगली पडली, सुभाषनगरला चढली की सीताबर्डीपर्यंत एसी, धूर नाही, ऑटोसारखे धक्के नाहीत, एकदाच शंकरनगरला मध्ये उतरून बसावं लागलं. आलेपाक सुरुवातीला चांगला लागला पण तिसऱ्या-चौथ्या वडीनंतर छातीत जळजळ, दिवसाला एक छोटी वडी पुरे. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, पोटातल्या आम्लानं दात मऊ झालेले असतात, पाण्यात चिमूट खायचा सोडा टाकून चूळ भरा आणि अर्ध्या तासानं ब्रश करा. लोहाची गोळी मॅडमनी पुढे ढकलली कारण तिनं मळमळ वाढते, फॉलिक ॲसिड मात्र थांबवलं नाही.

आता डब्यातल्या ज्या गोष्टी बऱ्या नव्हत्या त्या. पहिल्या आठवड्यात डबे रबरी रिंगवाले होते, लॉकचे, आणि त्या रिंगेत आधीच्या दहा भाज्यांचा वास मुरलेला, झाकण काढताच मी डबा बाजूला ठेवून दिला. सांगितल्यावर काकूंनी साधे स्टीलचे छोटे डबे घेतले फक्त माझ्यासाठी, त्यामुळे तक्रार संपली, पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा. दोनदा माझ्या डब्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा डबा आला, एकदा तर लसणाची फोडणी दिलेली वांग्याची भाजी, तो पूर्ण दिवस वाया गेला. पोहोचवणारा मुलगा एप्रिलच्या दुपारी वीस-तीस मिनिटं उशीर करायचा. त्याला उन्हाचं काही बोलवत नाही, बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये सायकलवर फिरतो बिचारा, पण माझ्यासारखीला चारच्या आत अन्न पोटात जाणं आणि न जाणं यात पूर्ण संध्याकाळचा फरक पडतो. मग ऑफिस सुरू झाल्यावर सकाळचा डबा मी स्टेशनला जाताना स्वतः उचलायला लागली आणि दुपारसाठी सातूचं पीठ आणि गूळ ऑफिसमध्येच ठेवला.

एक काळजी जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गार जेवण म्हणजे बाहेर ठेवलेलं जेवण नाही. नागपूरच्या उन्हात भात, दही, ताक तासाभरात खराब व्हायला लागतं आणि गरोदरपणात पोट बिघडणं हे मळमळीपेक्षा वाईट. म्हणून आमचं ठरलं होतं, भात शिजला की पसरट ताटात लवकर निववायचा आणि फ्रीजमध्ये, डबा बर्फाची पिशवी घातलेल्या थैलीत येणार, दहीभात फक्त सकाळच्या डब्यात आणि आल्याबरोबर खायचा, उरला तर टाकायचा. पाणी आणि ताकाचं पाणी आरओचं का, दूध तापवलेलं का, हे मी स्पष्ट विचारलं आणि त्यांना राग आला नाही. ज्या डबेवालीला असं विचारल्याचा राग येईल तिच्याकडे या दिवसांत लावू नका.

ज्यांना शुगर निघाली आहे त्यांनी गुळाचं पन्हं, सातू हे डॉक्टरांना विचारूनच. आणि हायपरएमेसिसच असेल तर नुसत्या डब्यावर अवलंबून राहू नका.

पैसे, दोन छोटे डबे आणि पुडी मिळून दिवसाचे १२०, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ३१२०. साध्या पूर्ण डब्यापेक्षा महाग पडतं, खाणं तर त्याहून कमी, पण त्यात दोन फेऱ्या आहेत आणि माझ्यासाठी वेगळं भांडं चढायचं. मला जड वाटले नाहीत. ज्यांना वाटतील त्यांनी निदान पुडी आणि आंबील घरी करावी, दोन्हीला मिळून पन्नासही लागत नाहीत.

बाराव्या आठवड्यानंतर उलट्या कमी व्हायला लागल्या, चौदाव्याला दिवसातून एक, आणि अठराव्या आठवड्यात, मे महिन्यात, मी रात्री फोन करून सांगितलं की उद्या वरणाला जिऱ्याची थोडीशी फोडणी द्या. काकू म्हणाल्या, "पक्कं ना? मी एक अलग बिनफोडणीचंही ठेवतो मंग, नाही गेलं तर ते खाजो." दोन्ही डबे आले. फोडणीचा संपला. वजन आता ५५ आहे आणि आमच्याकडे परत साधे दोन डबे चालू झालेत.

रविवारी त्यांची सुट्टी असते आणि हाच एक दिवस मला नऊच्या नऊ आठवडे जड गेला. लावणार असाल तर शनिवारी दोन पुड्या जास्त मागून घ्या, आंबिलीचं पीठ घरी आणून ठेवा, आणि रविवारी सकाळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ते शिजवायला सांगा, दार लावून.